म्हातारी माणसे, लेकरे आणि मुंबईची गाडी



नागपूरच्या माणसाला प्रवासाचे अप्रूप नाही असे म्हणतात. आपल्या गावातून चारी दिशांना गाड्या जातात. दिल्ली, मद्रास, मुंबई, कलकत्ता ह्यांपैकी कुठेही जायचे असो, आपण वाटेच्या मध्यावरच बसलेलो. पण ही सारी ऐट एकट्यादुकट्याच्या प्रवासाची. कडेवर तान्हे मूल, एका हाताशी सत्तरीतले वडील, मागे गुडघे धरून चालणारी आई, आणि पुढ्यात मुंबईसारखे अफाट शहर, असा बारदाना घेऊन निघायचे म्हटले की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळते. "काहून बाप्पा, घरीच काय वाईट आहे?" असे घरातला एकजण तरी म्हणतोच.

रेल्वेचा इतिहास आपण वाचतो तो इंजिनांचा, पुलांचा आणि मोठमोठ्या इंग्रज इंजिनिअरांचा. डब्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेल्या आजीचा आणि तिच्या मांडीवरल्या नातवाचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज तो थोडासा सांगावा असे मनात आहे. त्यात एक आमच्या घरची गोष्टही येईल. तेवढी पदरात घ्या.

आगगाडी येण्यापूर्वी म्हातारी माणसे दूरच्या प्रवासाला निघत ती एकाच कारणाने, काशीला. आणि निघताना परत येण्याची खात्री कोणी बाळगीत नसे. देणेघेणे मिटवायचे, लेकीसुनांना जे काय द्यायचे ते देऊन टाकायचे, आणि निघायचे. सुखरूप परत आले की गावजेवण घालून मावंदे करायचे. आपल्याकडे साधन म्हणजे बंडी, नाही तर जरा बऱ्या घरची दमणी. ज्याला परवडेल त्याला मेणा. वऱ्हाडातला कापूससुद्धा तेव्हा बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जाई. त्या वाटेने लेकुरवाळी बाई सहसा जात नसे. प्रवास हा धडधाकट पुरुषाचा, आणि तोही गटाने.

त्या काळाचे चित्र पाहायचे असेल तर विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' वाचावा. कोकणातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे गेला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लुटला गेला, जिवावरचे प्रसंग सोसले. पण परत येताना त्याने काय आणले? खांद्यावर गंगेची कावड. म्हाताऱ्या आईबापांना काशीला नेणे शक्य नव्हते, म्हणून मुलाने गंगाच घरी आणली आणि तिने त्यांना स्नान घातले. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले. लोक त्यात झाशीच्या राणीसाठी रमतात, ते योग्यच आहे. मला मात्र ती कावड आठवते. आईबापांना प्रवास घडवता येत नाही ह्याची मुलाच्या जिवाला लागलेली रुखरुख किती जुनी आहे, हे ती कावड सांगते.

१८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरचे शेवटचे राजे, तिसरे रघूजी भोसले, वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. चौदा वर्षांनी, १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ थळघाट चढून, भुसावळ, बडनेरा करीत नागपुरास येऊन भिडले. कंपनीला हवा होता कापूस. पण कापसाच्या गाठींच्या मागोमाग माणसेही निघाली. पुढे पूर्वेकडे राजनांदगावपर्यंत लोहमार्ग झाला, १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, आणि विसावे शतक उजाडता उजाडता नागपूरमार्गे थेट हावड्याचा रस्ता खुला झाला. १९२९ पर्यंत दिल्ली–मद्रासची वाटही आपल्या गावावरून गेली. सावनेरच्या दगडात बांधलेली स्टेशनची इमारत १९२५ च्या जानेवारीत उघडली, ती आजही दिमाखात उभी आहे.

आता बघा, बंडीने महिना लावणारी मुंबईची वाट एका दिवसारात्रीच्या टप्प्यात आली. तेव्हा पहिल्यांदा म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना दूरचा प्रवास शक्य झाला. शक्य झाला म्हणजे सोसवला, असे मात्र समजू नका. तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे लाकडी बाके, कोंबलेली माणसे, आणि कित्येक वर्षे त्यात संडासाची सोय नाही. लहान मूल असो की म्हातारे माणूस, ह्या दोघांना एकच अडचण, आणि तीच सर्वांत मोठी. मेलगाडी तासनतास थांबायची नाही. मग घरातली जाणती बाई दोन दिवस आधीपासून म्हाताऱ्यांचे खाणे कमी करी, पाणीही बेताने देई. आजारी माणसाला तहानलेले ठेवायचे, ही त्या काळची प्रवासाची तयारी!

सरकारला ह्याची दखल घ्यावी लागली, ती आधी बायकांच्या बाबतीत. १८९० च्या रेल्वे कायद्यात एक कलम आले. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखावा, आणि गाडी पन्नास मैलांपेक्षा अधिक जाणार असेल तर अशा एका कप्प्यात शौचकूप असावा, असे ते कलम. कायद्याच्या रुक्ष भाषेतले हे एक वाक्य, पण त्याने किती माउल्यांचा दुवा घेतला असेल!

अर्थात, सोय झाली तशी नवी पंचाईतही झाली. आजी, सून आणि लेकरे बायकांच्या डब्यात. मुलगा आणि म्हातारे सासरे पुरुषांच्या डब्यात. मध्ये दोनचार डबे. डबा एकीकडे, पैसे दुसरीकडे. मोठे स्टेशन आले की मुलगा धावत जाऊन खिडकीतून विचारणार, "आई, बरी आहेस ना?" आणि शिट्टी झाली की पुन्हा धावत माघारी. घरात बाप-लेक-सून-नात एका चुलीवर, गाडीत मात्र दोन बिऱ्हाडे. म्हणून जुन्या बाया शिदोरीचे दोन भाग करीत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे, पोरांसाठी गुळपापडी, हे दोन फडक्यांत वेगवेगळे बांधायचे. फिरकीचे तांबेही दोन. ह्यातले शहाणपण आजही जुने झालेले नाही, त्याकडे पुढे येतो.

पुरुषांच्या हालाला वाचा फोडली ती १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने. गाडी थांबली म्हणून हे गृहस्थ पोट बिघडल्यामुळे खाली उतरले, तेवढ्यात गार्डाने शिट्टी दिली आणि एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते गाडीमागे धावले आणि पडले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी साहेबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिले. ते दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. लोक ते वाचून पोट धरून हसतात. पण ज्याने आपल्या वृद्ध वडिलांना तशा डब्यातून नेले असेल त्याला हसू येणार नाही. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटे पुस्तकच लिहिले. घाण, गर्दी आणि बेपर्वाई ही त्यातली तक्रार.

आणि पाणी? फलाटावर पाणी असे, पण 'हिंदू पाणी' वेगळे आणि 'मुसलमान पाणी' वेगळे. सोवळ्यातल्या आजीबाई तर तेही घेत नसत. घरून नेलेले गंगाजळ संपले की कोरडा घसा. ज्यांना हे दोन्ही पाणी मिळणे कठीण, त्यांचे काय होई ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील गोरेगावला नोकरीवर. त्यांनी सुट्टीत मुलांना बोलावले. छोटा भीमराव आणि बरोबरची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. येत असल्याचे पत्र आधी पाठवले होते. पण ते वडिलांच्या हाती पडलेच नाही, चाकर द्यायला विसरला. न्यायला कोणी नाही. जात कळताच गाडीवान गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, तो बाजूने चालेल. बरोबर खाण्याची टोपली भरलेली होती. पण रात्रभर घोटभर पाणी कोणी दिले नाही, आणि पाण्याविना अन्न घशाखाली उतरेना. भरल्या टोपलीशेजारी ती लेकरे उपाशी निजली.

मुलांच्या प्रवासाची ह्याहून जिवाला चटका लावणारी हकिकत माझ्या वाचनात नाही. त्या घरात तयारीत काडीची कसूर झाली नव्हती. पत्र होते, पैसे होते, डबा होता. समाजाने दार लावून घेतले की घरच्या साऱ्या बेताची माती होते.

त्याच बाबासाहेबांनी पंचावन्न वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी लाखो माणसे ह्या गावी आली. कोणी गाडीने, कोणी बंडीने, कोणी मैलोगणती चालत. पोरेबाळे कडेवर, म्हातारी माणसे पाठीवर, भाकरी फडक्यात. पाण्याविना निजलेल्या त्या मुलाच्या हाकेला माणसे सहकुटुंब आली, ह्यात मला इतिहासाचे एक वर्तुळ पुरे झालेले दिसते. दोन महिने होतात न होतात तोच, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. तेव्हापासून दरवर्षी डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातली घरेच्या घरे मुंबईला, दादरच्या चैत्यभूमीला जातात. नागपुराहून खास गाड्या सुटतात, शिवाजी पार्कवर मांडव पडतात, आणि कित्येक आज्यांनी मुंबई पाहिली ती ह्या एका निमित्ताने. नातवंडे आणि म्हातारी घेऊन मोठ्या शहरात कसे जावे, जथा कसा न फुटू द्यावा, उतरायचे कुठे, भेटायचे कुठे, हे शास्त्र ह्या लोकांइतके कोणालाच ठाऊक नसेल.

१९५६ साल आपल्यासाठी दुसऱ्याही एका अर्थाने उलथापालथीचे. १८६१ पासून नागपूर हे राजधानीचे गाव होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, आणि आपली राजधानी ८३७ किलोमीटर दूर, समुद्रकाठी. कचेऱ्यांची वाटणी झाली तशी माणसांचीही झाली. कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. महाल, धंतोली, सीताबर्डीच्या किती घरांत तेव्हा एक मुलगा मुंबईकर झाला! म्हातारे आईबाप इकडे, नातवंडे तिकडे. काशीच्या ऐवजी आता मुंबईची वारी सुरू झाली.

आमच्याही घरी तेच झाले. मोठे काका मुंबईस गेले. आजी-आजोबा आमच्याकडे राहिले. १९६८ च्या उन्हाळ्यात आजोबांचा आवाज बसला तो उठेना. डॉक्टर म्हणाले, "मुंबईला दाखवा." कोणत्या रोगाची शंका आहे ते त्यांनी सांगितले नाही, आणि घरात कोणी विचारलेही नाही. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून "परळला दाखवायचे" एवढे म्हटले की माणसे समजून जात.

नेण्याचे ठरले. पण आजी म्हणाली, "मी मागे राहणार नाही." मी तेव्हा सात वर्षांचा, धाकटी बहीण दीड वर्षाची; आईशिवाय दोघेही राहणारी नव्हतो. म्हणजे जायचे ते सगळ्यांनीच. वडील चिडले. "हे काय जत्रेला जाऊन राहिलो का आपण?" आजी काही बोलली नाही. आईने मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरचे गेल्या महिन्याचे पान फाडले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहू लागली.

ते पान अजून आमच्या घरी आहे. त्यात सामानाची यादी शेवटी आहे. वर आहेत ते नुसते प्रश्न. पहिला प्रश्न, 'जिने किती?' दुसरा, 'बाबांना रात्री किती वेळा उठावे लागते?' तिसरा, 'बेबीचे दूध कोणत्या स्टेशनवर?' चौथा, 'चुकामूक झाली तर कुठे थांबायचे?'

जिन्यांवरून आमच्या घरी चांगलाच वाद झाला. काकांचे पत्र आले, "दादरला उतरा, परळ तिथून जवळ." अंतराने ते बरोबर होते. पण दादरला गाडी थोडा वेळ थांबते. त्यात दोन म्हातारे, दोन पोरे, ट्रंक आणि वळकटी उतरवायची; मग पुलाचा जिना चढा आणि उतरा. आई म्हणाली, "व्हीटीला उतरू." तिथे गाडी संपते, कोणी घाई करीत नाही, आणि फलाटाच्या टोकाशी सरळ चालत गेले की बाहेर टॅक्सी, एकही पायरी नाही. टॅक्सीला चार पैसे जास्त पडतील, पडू देत. आईने मुंबई पाहिलेली नव्हती. शेजारच्या एका रेल्वे गार्डाच्या बायकोला विचारून तिने हे काढले होते. आजही कोणी मला विचारले तर मी हेच सांगतो. म्हातारे माणूस बरोबर असेल तर नकाशावरचे मैल मोजू नका, पायऱ्या मोजा.

आमची गाडी हावड्याहून भरून येणारी. तिसऱ्या वर्गात शयनिका मिळाली, पण त्या तीन मजली लाकडी फळ्या. खालची फळी आजोबांना. आजीने वर चढायचे नाकारले आणि दोन ट्रंकांवर वळकटी पसरून आमच्या पायांशी झोपली. पहाटे इगतपुरीला बसलेल्या धक्क्याने मी जागा झालो. खिडकीबाहेर अंधारात दरी होती. आजोबा टक्क जागे होते. बोलता येत नव्हते, म्हणून त्यांनी बोटाने मला बोगदे मोजायला शिकवले. एक, दोन, तीन. मुंबईचा प्रवास म्हटला की मला अजून ते बोट दिसते.

व्हीटीला उतरलो, टॅक्सी मिळाली, सगळे आईच्या पानाप्रमाणे झाले. आणि काकांच्या चाळीसमोर येऊन उभे राहिलो तर बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर! हे काय कोणाला ठाऊक नव्हते? होते. पण काकांना त्या जिन्याची इतकी सवय झालेली की पत्रात लिहायचे सुचले नाही, आणि आईने स्टेशनचे जिने मोजले, घराचे मोजायचे राहिले. आजोबा पहिल्या मजल्यावर बसले ते तिथेच. दुसऱ्या दिवशी आई, आजी आणि आजोबा रुग्णालयाजवळच्या एका धर्मशाळेत तळमजल्यावर राहायला गेले.

धर्मशाळा म्हटली की आपल्याच मुलखातल्या एका माणसाला हात जोडले पाहिजेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली डेबूजी जन्मला. पुढे त्यालाच आपण गाडगे महाराज म्हणू लागलो. स्वतः फुटक्या गाडग्यात भाकरी खाल्ली, हातातल्या खराट्याने गावे झाडली, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आणि मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईला उपचारासाठी आलेला खेड्यातला माणूस रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर चूल मांडतो, त्याची म्हातारी पावसात भिजते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या मुंबईतल्या धर्मशाळांत आजही बाहेरगावचे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. १९५६ च्याच डिसेंबरात, बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी, अमरावतीच्या वाटेवर महाराजांनी देह ठेवला. मोठ्या शहरात गरिबाने आपल्या आईबापांना घेऊन यावे आणि त्याला पाठ टेकायला जागा असावी, ह्याची काळजी वऱ्हाडातल्या एका निरक्षर माणसाने वाहिली.

आम्ही मुले काकांकडे राहिलो. एका रविवारी काकूने आम्हाला कमला नेहरू उद्यानात नेले. १९५२ पासून तिथे म्हातारीचा बूट आहे, तुम्ही पाहिलाच असेल. त्या बुटात शिरून मी हाका मारीत होतो आणि मला वाटत होते, आजीला इथे आणायला हवे होते. आजीने मुंबईत काय पाहिले? रुग्णालयाचा व्हरांडा. निघायच्या आदल्या दिवशी मात्र वडिलांनी तिला चौपाटीवर नेले. ती समुद्राला नमस्कार करून एवढेच म्हणाली, "केवढी मोठी गंगा बाप्पा!"

आजोबा परत नागपुरास आले. आवाज गेला तो गेलाच, पण पुढे तीन वर्षे ते आमच्यात होते. आईच्या कॅलेंडरच्या पानावर शेवटी एक ओळ वेगळ्या अक्षरात आहे. ती आजोबांची. 'तुम्ही सगळे आलात, बरे झाले.'

असो. पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला, निदान कागदावर. खरी मऊ गोष्ट घडली १९७७ च्या डिसेंबरात. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती आपल्या नागपूरवरून. वर्गभेद नसलेली ही पहिली जलद गाडी. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी चढवायला लावली. पहिल्या वर्गाचे सुख कमी करायचे नाही, दुसऱ्या वर्गाचे वाढवायचे, अशी त्यांची भूमिका. दोन इंच म्हणजे काय मोठे? ज्याच्या हाडांवर मांस उरलेले नाही त्या म्हाताऱ्याला विचारा.

आता तर २०२५ पासून समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई पुरता खुला झाला आहे, ७०१ किलोमीटर. विमान दीड तासात पोचवते. रेल्वेत साठीवरच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीवरच्या स्त्रियांना खालची शायिका मिळावी म्हणून वेगळा कोटा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. २०२२ साली लखनौ मेलमध्ये आईच्या शायिकेला बाळासाठी छोटी जोडशायिका लावून पाहण्याचा प्रयोग झाला. उलट, वृद्धांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, आणि तिची आठवण अनेक घरांत अजून निघते. सोयी येतात तशा जातातही, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी हे उत्तम.

पण इतकी वर्षे मागे पाहिल्यावर मला वाटते, प्रश्न तेच आहेत. शिदोरी दोन ठिकाणी बांधावी, कारण चुकामूक होतेच. तशीच औषधेही दोन ठिकाणी ठेवावीत. मुलाच्या खिशात आणि म्हाताऱ्याच्याही खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. मोबाइल असला तरी असावी, कारण घाबरलेल्या म्हाताऱ्याला बटण सापडत नाही. मुंबईची लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही, तेव्हा कार्यालयांच्या वेळेला आजी-नातवंडांना घेऊन तिच्या वाटेला जाऊ नये. एका दिवसात एकच काम ठरवावे. सकाळी रुग्णालय असेल तर संध्याकाळी राणीची बाग नको. आणि दुपारची झोप ही आळशीपणाची बाब नसून ती मूल आणि म्हातारा दोघांचाही हक्क आहे, हे घरच्या कर्त्याने मान्य करावे.

माझी आई आज शहाऐंशी वर्षांची आहे. मुंबईला माझ्या मुलीच्या घरी पाळणा हलला आहे, आणि पणतू पाहायला जायचे तिने ठरवले आहे. मुलीने फोनवर सगळे सांगितले; गाडी कोणती, डबा कोणता, न्यायला कोण येणार. आईने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे बाई. तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडते का कधी? आणि पडली तर जिने किती?"

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "थांब आजी, मोजून सांगते." आणि फोन हातात धरूनच ती जिना मोजायला बाहेर पडली.